जनरलसाहेबांचं बालपण

चाकणच्या पेठेत सोपानरावांच्या दुकानात काय मिळत नसे, ते विचारावे. लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी डेपोतून उरलासुरला माल लिलावात निघू लागला, आणि तो बैलगाड्या भरभरून आणण्यात सोपानरावांचा हात धरणारा खेड तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. तंबूंच्या ताडपत्र्या कांद्याच्या वखारींवर जात, पाण्याच्या चपट्या बाटल्या शाळामास्तरांच्या खांद्याला लटकत, आणि शिपायांचे लोखंडी टोप पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना बांधणाऱ्या मजूर बाया घमेल्यासारखे वापरत. "बघा राव," गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता सोपानराव म्हणत, "जर्मनाच्या गोळ्या अडवायला केलेला माल, आता सिमिट वाहतोय. वस्तूला मानपान नसतो, म्हणून ती टिकते. माणूस मोडतो."

शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती. इंग्रजी अक्षरे ते लष्करी खोक्यांवरच्या शिक्क्यांवरून शिकले आणि माणसे बाजारात. बाजाराने शिकवलेली एक गोष्ट ते येईल त्याला सांगत. खोटे बोलणाऱ्याची हकीकत दर वेळी सारखीच येते, घोटून घोटून गुळगुळीत झालेली. खरे बोलणारा दर वेळी नवीन जागी अडखळतो. या एका गजावर त्यांनी उभी हयात माणसे मोजली होती.

घरात मात्र एक गोष्ट अशी होती की तिला हा गज लागू पडत नव्हता. धाकटा भाऊ सयाजी चव्वेचाळीस साली इटलीत, कुठल्याशा नदीवर, नाहीसा झाला होता. मेला असे सरकार म्हणाले नाही, बेपत्ता म्हणाले. आणि त्या एका शब्दावर सयाजीची बायको मंजुळाबाई कपाळाचे कुंकू सांभाळून बारा वर्षे उभी होती. आता बारा वर्षे भरली. भटजींनी सांगितले की शास्त्राप्रमाणे दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करावा, त्याला सयाजी समजून अग्नी द्यावा, सुतक धरावे आणि जीव मोकळा करावा. मूलबाळ नाही, तेव्हा अग्नी थोरल्या भावानेच द्यायचा. सोपानरावांची झोप उडाली ती इथे. कारण जुनी माणसे हेही सांगत की जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर तो माणूस जिथे असेल तिथे विझतो आणि त्याचे पाप अग्नी देणाऱ्याच्या हाताला लागते. सयाजी मेला असेल तर त्याला ताटकळत ठेवणे पाप. जिवंत असेल तर जाळणे पाप. एकाच माणसाचा एक शब्द त्यांना हवा होता: "गेला. मी पाहिला."

तो शब्द देऊ शकेल असा माणूस दोन वर्षांपूर्वीच रावेतला, पवनेच्या काठी बंगला बांधून राहायला आला होता. जनरल हिंदुराव हे मूळ चऱ्होलीच्या पाटलांचे. इटलीत सयाजीची पलटण त्यांच्याच हाताखाली होती. पण एवढ्या मोठ्या माणसाला उंबऱ्यावर जाऊन "माझा भाऊ कुठाय" असे विचारायचे कसे? सोपानरावांनी व्यापाऱ्याची वाट काढली. चाकणकरांतर्फे जनरलसाहेबांचा सत्कार करायचा ठराव त्यांनी पुढे होऊन मांडला, आणि मानपत्रासाठी साहेबांचे चरित्र त्यांच्याच तोंडून ऐकून आणायचे काम स्वतःकडे घेतले.

बंगला पांढरा, ऐसपैस, पुढे वेताच्या खुर्च्या मांडलेला व्हरांडा. घरात साहेब, बाईसाहेब आणि रत्नागिरीकडचा जुना ऑर्डर्ली ज्योतीराम अशी तीनच माणसे, मूल नाही. साहेब उंच, शिडशिडीत, घरातसुद्धा कोट घालणारे, बोलणे अगदी पुण्याच्या शाळेत घासून आलेले.

"कुठून सुरुवात करू, सोपानराव?"

"जन्मापासून करा साहेब. आमच्या मानपत्रात माणूस जन्मल्याबिगर पुढं सरकत न्हाई."

साहेब हसले आणि सांगू लागले. कोणा गोऱ्या कलेक्टरच्या शिफारशीने विलायतेच्या लष्करी कॉलेजात कसे गेले, सरहद्दीवर पठाणांच्या मुलखात पहिली गोळी कशी कानाजवळून गेली, आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे तापून त्यांच्यावर भाकरी कशा भाजता येत, इटलीत पलटण कशी हाती आली, आणि लढाईनंतर काश्मीरच्या बर्फात अख्खी डिव्हिजन घेऊन ते घाटाच्या माथ्यावर कसे पोचले, हे सगळे त्यांनी नकाशावर काठी फिरवावी तसे, न थांबता, न अडखळता सांगितले. एखाद्या वाक्यात जरा बढाई असती तर सोपानरावांना बरे वाटले असते. हे इतके गुळगुळीत होते की त्यांनी मनातला गज काढला आणि पुन्हा ठेवून दिला. जनरल माणूस, हजारदा सांगून झाले असेल.

"आन् बालपण, साहेब?"

इथे साहेब थांबले. बराच वेळ कोटाचे बटण फिरवत राहिले. मग चेहरा उजळला. "आमच्याकडे एक म्हैस होती. रतनी. धार काढताना तिला गाणं म्हणावं लागायचं. नाही म्हटलं की... की बादलीला लाथ."

बाईसाहेब चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "म्हैस? तुमच्या घरी गाई होत्या. सासूबाईंना म्हशीचं दूध चालत नसे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. आगगाडीच्या डब्यात अनोळखी बाई मधेच बोलली तर सभ्य माणूस पाहतो, तसे. "असेल," ते म्हणाले. बाईसाहेबांनी कप ठेवले आणि आत गेल्या. सोपानरावांना त्यात काही विशेष वाटले नाही. वय झाले की गाईच्या म्हशी होतात.

पुढच्या खेपेला साहेब आपण होऊनच बालपणावर आले. आई चिखल तुडवायला लावायची म्हणाले, मडक्यांचा. चक्क उठून, बूट काढून, व्हरांड्याच्या फरशीवर त्यांनी ते करून दाखवले. "टाच नाही टेकवायची. बोटांच्या मुळानं, असं. टाचेनं तुडवलेलं मडकं भट्टीत तडकतं."

पाटलाचा पोर कुंभाराचा चिखल तुडवतो, ही गोष्ट सोपानरावांनी दुकानात रंगवून रंगवून सांगितली. गिऱ्हाइके हसली. कुरुळीचे चिमाजी कुंभार गाडगी उतरवत होते, ते मात्र हसले नाहीत.

"काय चिमाजी, जनरलसाहेब तुमच्या जातीत आले, तर तोंड का पाडलं?"

"समदे कुंभार टाचंनंच तुडवत्यात, शेठ," चिमाजी म्हणाले. "बोटाच्या मुळानं फकस्त आमची मंडळी तुडवायची. तिच्या म्हायेरची रीत. तिनं आमच्या बाळ्याला शिकवली हुती."

चिमाजींचा बाळ्याही सयाजीच्याच पलटणीत होता. त्याच नदीवर गेला होता.

"साहेब हुते त्याचे. बोलता बोलता सांगितलं असंल त्यानं," सोपानराव म्हणाले.

"असंल," चिमाजी म्हणाले. "पर आईच्या हातची रीत कुनी साहेबाला सांगतं व्हय?" आणि त्यांनी फुटके नसलेले गाडगे दोनदा वाजवून पाहिले.

आता सोपानराव चरित्रासाठी जात नव्हते. साहेबांच्या गोष्टींत कधी चऱ्होलीचे कोणी निघे, कधी आळंदीचे कोणी: भोयाच्या पोराने डोहात सोडलेला पहिला गळ, कुणाच्या बहिणीच्या लग्नात पेटलेला मांडव. साहेबांच्या बालपणात दर खेपेस एक नवे घर उघडे आणि त्यात ते असे वावरत की कोनाड्यात हात घालून दिवा काढावा. बोलता बोलता त्यांची पुणेरी भाषा सैल होई आणि आतून मावळी बोली वर येई, जशी रंग उडाल्यावर भिंतीची माती दिसावी. आणि सोपानरावांच्या उरात धडकी भरे ती एका गोष्टीने: लढायांच्या हकीकती सांगताना कुठेच न अडखळणारा हा माणूस या बालपणात दर वेळी वेगळ्या जागी अडखळत होता. गज सांगत होता की हे खरे आहे.

मार्गशीर्षातली दुपार होती. साहेब नदीकडे तोंड करून बसले होते.

"आमच्या घराचं मागलं दार पावसात फुगायचं," ते म्हणाले. "थोरला लाथ मारून उघडायचा. आई म्हनायची, दाराला पाय लावू नगं, लक्ष्मी तिथनं येती. तवा थोरला म्हनायचा... म्हनायचा..." ते अडखळले, हसले. "मागल्या दारानं येती ती चोरीची लक्ष्मी, म्हनायचा."

सोपानरावांच्या हातातल्या बशीतला चहा मांडीवर सांडला. मिसरूड फुटायच्या वयात हे वाक्य ते स्वतः बोलले होते, आपल्या स्वतःच्या घरात. ऐकायला तिघेच होते. आईवडील कधीच गेले होते. आणि जनरलसाहेब तर पाटलांचा एकुलता एक मुलगा.

"त्यो थोरला... आता काय करतो, साहेब?" त्यांनी विचारले.

"दुकान घातलं असंल. लई हौस हुती त्याला दुकानाची."

मग सोपानरावांनी व्यापाऱ्याच्या सगळ्या वाटा सोडल्या आणि सरळ विचारले. सयाजी माझा भाऊ. तुमच्या पलटणीत. त्याचे काय झाले?

साहेब ताठ बसले. आवाज पुन्हा पुण्याचा झाला. "नदीला पूर होता. पलीकडे एक कंपनी पाहिजे, असा वरून हुकूम. मी त्यांना उतरवलं. उतरण्याआधी प्रत्येकाला घरचं काहीतरी विचारलं. ती माझी पद्धत होती. माणूस घरचं बोलला की पाय कापत नाहीत. पलीकडे कोणी चढलं नाही. अलीकडे कोणी परतलं नाही."

"म्हंजी गेले?"

"उतरताना पाहिलं. तेवढंच मी सांगू शकतो." ते नदीकडे पाहत राहिले. "पाणी फार गार आहे," ते म्हणाले.

सोपानरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले. चाकणच्या बैलबाजारात भाव तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटे दाबून बोलायचे, म्हणजे भोवतालच्या गर्दीला सौदा कळत नाही. सयाजी बैलाचा पारखी होता. थोरला सौद्याला बसला की धाकटा शेजारी बसून त्याचा दुसरा हात धरी, आणि बैल खोडीचा असला तर अंगठ्याचे नख करंगळीच्या मुळाशी रुतवी. त्याचा अर्थ, नको, ऊठ. ही खूण बाजाराला ठाऊक नव्हती, वडिलांना नव्हती, मंजुळाबाईलाही नव्हती.

त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि वर उपरणे टाकले. हात लाकडासारखा, थंड. "साहेब," ते म्हणाले, "बारा वर्सं झाली. भटजी म्हनत्यात पुतळा करा. करू का?"

साहेबांनी मान वळवून ज्योतीरामला हाक मारली. चहा सांडलाय, दुसरा आण म्हणाले. जेवून जाणार का, म्हणून सोपानरावांना विचारले. आणि ते हे बोलत असताना, जणू तो हात त्यांचा नव्हेच, उपरण्याखाली अंगठा हळूच सरकला, करंगळीचे मूळ चाचपले, आणि नख रुतले.

घरी येऊन सोपानरावांनी आपल्या बायकोला, शालनबाईंना, सगळे सांगितले. दाराआड मंजुळाबाई उभी होती. थोरल्या दिरासमोर ती कधी आली नव्हती. काही सांगायचे तर जावेच्या तोंडून. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतः बोलली.

"भावजी, 'नगं' कुनी म्हटलं? त्यांनी, का साहेबांनी?"

सोपानरावांनी करंगळीचे मूळ चोळले. "बोट साहेबांचं. खूण सयाजीची."

"मग मला बघू द्या."

"अगं बाई, येवढ्या मोठ्या मानसाच्या दारात..." शालनबाई म्हणाल्या.

"मोठं कसलं, आक्का," मंजुळाबाई म्हणाली. "माझ्या मालकाला घरात घालून बसलेत. भाडं तर इचारून येते."

दीर-भावजय गाडीने रावेतला गेली. साहेब व्हरांड्यात होते. मंजुळाबाई पायऱ्यांशी उभी राहिली आणि साहेब ताडकन उठले. वाटले, बाईमाणूस म्हणून मान दिला. पण त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून, सोपानरावांच्या समोर मान खाली घालून बसले. सोपानरावांच्या घरात थोरल्यासमोर धाकट्याने बायकोकडे पाहायचे नाही, ही रीत होती. सयाजी लग्नानंतर अगदी असाच भिंतीकडे तोंड करून जेवायला बसे, आणि शालनबाई त्याची थट्टा करीत.

मग साहेब जमिनीकडे पाहत, कोणालाच न उद्देशून म्हणाले, "पायात काय तरी घालावं म्हनावं. वाटंला काटं हायेत."

मंजुळाबाईने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले. दारात बाईसाहेब उभ्या होत्या. दोघी बाया एकमेकींकडे एवढा वेळ पाहत राहिल्या की शेवटी ज्योतीरामने खाकरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

परत येताना गाडी चिखलीच्या चढाला लागली तेव्हा मंजुळाबाई बोलली. "हाईत. पर एकलं न्हाईत, भावजी. दाटीवाटीनं उभं हाईत समदं, बाजाराच्या गाडीत असावं तसं. साहेबांना सोताला उभं ऱ्हायला जागा न्हाई ऱ्हायली."

"म्हंजी सयाजी जित्ता हाय म्हन. मग पुतळा कसा करू? माझ्या हातानं..."

"नगं कुनी म्हटलं त्ये मला ठावं न्हाई. सोडलेलं कुनाला आवडतंय? पर बारा वर्सं मानसानं गार पान्यात उभं ऱ्हायाचं व्हय?" तिने पदर सारखा केला. "मेलेला असता तर जाळून काय आन् न जाळून काय. हाय म्हनूनच सोडायचं. करा पुतळा."

भामा नदीच्या काठी, सकाळच्या उन्हात, भटजींनी दर्भाची काया बांधली, तिच्यावर पळसाची पाने एकावर एक बसवली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि वर सयाजीचे जुने धोतर गुंडाळले. बांधून झाल्यावर तो इतका कुणासारखाही दिसत नव्हता की सोपानरावांना रडू आले. अग्नी देताना त्यांनी डोळे मिटून घेतले. धूर अंगावर आला. उजव्या हाताची करंगळी एकदम दुखली आणि मग, मूठ सुटावी तशी, थांबली. मागे बांगड्या वाढवल्याचा आवाज झाला. मंजुळाबाईने हुंदका दिला नाही. ती घरी येऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर उठली, आणि शालनबाई म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून ही पोर अशी कधी झोपली नव्हती.

सुतक फिटल्यावर सोपानराव रावेतला गेले. साहेबांच्या अंगावर कोट तोच होता, पण आत माणूस कमी झाल्यासारखा खांद्यावरून ओघळत होता.

"साहेब, ते मागलं दार..."

"कसलं दार?" साहेब म्हणाले. आवाजात खोटेपणा नव्हता. तिथे काही नव्हतेच.

सोपानरावांनी इथेच थांबायला हवे होते. पण माल चांगला निघाला की शेजाऱ्याला सांगायची बाजाराची खोड. चिमाजींना त्यांनी सांगितले, आणि चिमाजींनी पौषात बाळ्याचा पुतळा केला. मग चऱ्होलीच्या घरांनी, मग आळंदीच्या भोयांनी. एकाच नदीवर गेलेली पोरे, बारा वर्षे सगळ्यांचीच एका हंगामात भरली होती. भटजींना पळसाची पाने मिळेनात, तेव्हा आंबेठाणच्या रानातून भारे आणावे लागले. आणि प्रत्येक पुतळ्यामागे साहेबांच्या बालपणातले एकेक घर बंद होत गेले. आधी चिखल गेला. मग डोह. मग एके दिवशी रतनी म्हैसही गेली. ती कोणाची होती ते सोपानरावांना कधीच कळले नाही.

त्यांना आशा होती. गाडीतल्या गोण्या उतरल्या की तळाची फळी दिसते. तसे ही सगळी पोरे उतरली की खाली साहेबांचे स्वतःचे काही दिसेल, पाटलांचा वाडा, गाई, आई. ते मुद्दाम विचारत. "साहेब, तुमच्या आईसाहेब गाईचंच दूध प्यायच्या ना?" साहेब लक्ष देऊन ऐकत, मदत करायची फार इच्छा असल्यासारखा चेहरा करत, आणि काहीच म्हणत नसत. गोण्या उतरत होत्या. खाली फळी नव्हती.

सत्कार मात्र ठरल्यासारखा झाला. बाजारपेठेत मांडव पडला, लेझीम झाले, शाळेच्या मुली स्वागताला उभ्या राहिल्या. सोपानरावांनी स्वतः मानपत्र वाचले. विलायत, सरहद्द, आफ्रिका, इटली, काश्मीर. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. साहेब पुढे झुकून, हनुवटीला हात लावून ऐकत होते. एखाद्या चांगल्या कीर्तनाला बसावे तसे. वाचन संपल्यावर त्यांनी सोपानरावांना जवळ बोलावले.

"फार मोठे गृहस्थ दिसतात," ते हळूच म्हणाले. "हयात आहेत का?"

लिलावात कधी न अडलेले सोपानराव मानपत्राची गुंडाळी करीत राहिले. बाईसाहेब शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी ऐकले. त्यांनी शांतपणे साहेबांच्या गळ्यातला हार सारखा केला.

फाल्गुनात ज्योतीराम बाईसाहेबांचा निरोप घेऊन दुकानात आला. "शेठ, येवक बोलवलांनी. आनी तुमच्या भटजींचा गाव खंयचा ता इचारलांनी." सोपानरावांनी लगेच गाडी जुंपली. वाटेत पळसाला कळ्या धरल्या होत्या, आणि झाडांवर उरलेली पाने कुणीतरी ओरबाडून नेली होती.

बंगल्याच्या मागच्या अंगणात, सावलीला, पाण्याने शिंपडलेले हिरवे भारे रचून ठेवले होते. साहेब तिथे बैठकीवर मांडी घालून बसले होते. अंगात कोट होता, दाढी केलेली होती, छाती संथपणे वरखाली होत होती. सोपानरावांना पाहून त्यांनी मान लववली, जशी ते कोणालाही लववत.

"बाईसाहेब," सोपानराव म्हणाले, "साहेब तर समोर बसलेत. श्वास चालू हाय."

बाईसाहेबांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते. त्यांनी भाऱ्याची दोरी सोडली.

"आमचीही बारा वर्षं झाली, सोपानराव," त्या म्हणाल्या. "नदीवरून कोणीतरी आलं. मी ठेवून घेतलं." मग पाने मोकळी करीत, "अग्नी द्यायला आम्हाला कोणी नाही. तुम्हाला सवय आहे."

सोपानरावांचे लक्ष साहेबांच्या हातांकडे गेले होते. साहेबांनी भाऱ्यातून एक पान काढले, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले, कडेला बारीकशी चीर सापडली म्हणून ते हलकेच बाजूला ठेवले, आणि दुसऱ्या पानासाठी बाईसाहेबांपुढे हात पसरला.